चिंचोक्यांचा हिशेब

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात मी हिशेब बघते. गेल्या दिवाळीआधी कामगारांनी विचारलं, "मॅडम, टेम्पो भरभरून माल जातो, मग बोनस 8.33 टक्केच का? कायद्यात 20 पर्यंत आहे." प्रश्न रास्त होता. मी फळ्यावर ताळेबंद मांडला. दहा मिनिटांत सगळे गप्प. कुणाला काही कळलं नव्हतं.

मग चिंचोके आणले. शंभर चिंचोके म्हणजे शंभर रुपयांची विक्री. सूत 58, रंग-केमिकल 10, लाइट 7, मजुरी 14, दुरुस्ती-भाडं 4, बँकेचं व्याज 3. उरले 4. आकडे आमचेच, खरे. ते दाखवायला मालकांना राजी करण्यात आठवडा गेला, पण खोट्या आकड्यांवर खेळ मांडायची माझी तयारी नव्हती.

दुसऱ्या डावात कांडी भरणाऱ्या अक्कांना मालक केलं. वाटीत भांडवलाचे 100. माल सगळा विकला, पण व्यापारी पैसे तीन महिन्यांनी देणार. खर्चाचे 96 गेले, वाटीत 4 राहिले, वहीत येणं 100. पुढच्या महिन्याचा सूतवाला समोर उभा राहिला. अक्का वाटीकडे बघत राहिल्या.

"नफा झालाय म्हणता ना? मग शनिवारचा पगार कुठून देऊ?"

मी उत्तर दिलं नाही. मागून एक विणकर म्हणाला, "किराणावाल्याचं असंच असतं, अक्का. वही भरलेली, गल्ला रिकामा."

लहान उद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यायचा कायदा 2006 पासून आहे, हे सांगितल्यावर एकच गलका झाला. "मग देत का नाहीत?" मलाही याचाच राग येतो.

तिसरा डाव सेकंड मालाचा, म्हणजे खोट राहिलेल्या मालाचा. पाइलचा, म्हणजे टॉवेलवरच्या लुसलुशीत फाशांचा, धागा तुटून राहिला तरी सूत तेवढंच लागतं. वीस टॉवेलांत एक सेकंड धरला, त्याला भाव साठ टक्के. शंभरातले दोन चिंचोके उचलले, म्हणजे निम्मा नफा गेला. विणकरांनी ते दोन चिंचोके हातात घेऊन पाहिले. पुढच्या सोमवारपासून कुठल्या मागावर किती सेकंड निघाला, ते दाराजवळच्या फळ्यावर लिहायचं त्यांनीच ठरवलं.

त्या दिवाळीला बोनस 8.33 टक्केच मिळाला. आता अक्का दर शनिवारी पगार मोजून घेतात आणि विचारतात, "मॅडम, मुंबईवाल्याचं येणं आलं का?"