पिअर हेडवरचे आगवाले

लिव्हरपूलला पाहुणे आले की त्यांना नदीकाठच्या पिअर हेडवर बीटल्सच्या पुतळ्यांसोबत फोटो हवा असतो. काढून देतो. मग मी त्यांना मर्सी नदीच्या काठाने जरा उत्तरेकडे पिटाळतो, इंजिन रूमच्या माणसांच्या स्मारकापाशी.

हा ग्रॅनाइटचा उंच स्तंभ मुळात टायटॅनिकच्या इंजिनियरांसाठी योजलेला. त्यांतला एकही वाचला नाही. 1916 मध्ये स्तंभ उभा राहिला तोवर पहिलं महायुद्ध पेटलं होतं, म्हणून तो समुद्रावर इंजिन रूममध्ये मेलेल्या सगळ्यांच्या नावे झाला. मी थबकलो ते त्यावरच्या आकृत्या पाहून. गॉस्कोम जॉन या शिल्पकाराने इंजिनियरांबरोबर कोळसा मारणारे स्टोकरही कोरलेत, कमरेच्या वर उघडे. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत उडालेल्या कपच्यांचे खड्डे दगडावर तसेच आहेत, बोट फिरवलं तर लागतात. आपल्याकडे पुतळा म्हटला की घोडा तरी हवा, नाहीतर वर केलेलं बोट. घामाघूम कामगार तो कुठला!

पण इंग्रजांना फार हार घालायची गरज नाही. याच देशाच्या बोटींवर आपली माणसं पिढ्यानपिढ्या राबली. सारंग, तांडेल, आगवाला (म्हणजे स्टोकरच), तेलवाला हे हुद्दे कोकणातल्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाहीत. पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडची माणसं, खाली भट्टीपाशी पंजाबी आणि पठाण, जेवणखाण बघायला गोंयकार, अशी वाटणीच ठरलेली. पगार मात्र गोऱ्या खलाशाच्या पासंगालाही पुरत नसे. 1939 मध्ये युद्ध सुरू होताच हिंदी खलाशांनी पगारासाठी संप केला, तो उगाच नव्हे.

पुढे नाविक स्मारकाची गोलाकार भिंत आहे, 1952 सालची. दुसऱ्या महायुद्धात व्यापारी बोटींवरून करारावर नौदलात गेलेले आणि ज्यांना समुद्राशिवाय कबर नाही असे सुमारे 1,400 जण तिच्यावर आहेत. जर्मन पाणबुड्यांचा कर्दनकाळ ठरलेल्या कॅप्टन वॉकरचा पुतळा दुर्बीण घेऊन उभा आहे. त्याच्यापाशी गर्दी असतेच. चिनी खलाशांची पाटी जरा शोधावी लागते. युद्धात या चिन्यांनी इंग्रजांच्या बोटी चालवल्या आणि 1945-46 मध्ये इंग्रजांनी त्यांना गुपचूप हद्दपार केलं, बायकापोरं इथेच राहिली. पाटी लागली 2006 मध्ये. साठ वर्षांनी का होईना, लावली. याचं कौतुक करावं की राग, माझं अजून ठरलेलं नाही.

आणि आपले? आपल्या माणसांची यादी इंग्रजांनी तिकडेच ठेवली. मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या हजारोंची नावं एका नोंदवहीत आहेत. तिची एक प्रत मुंबईत, दुसरी चितगावला. इथला स्तंभ भर रस्त्यात, येताजाता दिसतो. आपली वही इमारतीच्या आत.

तुम्ही म्हणाल, तू मुंबईत होतास तेव्हा कधी गेलास? अहो, शाळेच्या सहली गेट वे, म्हातारीचा बूट आणि राणीबाग यापलीकडे गेल्या का कधी? घाऊक बाजारात खरेदीला मस्जिदला उतरणाऱ्यांनाही कुणी सांगत नाही, की पलीकडे असं काही आहे. ज्या इंग्रजांनी वही केली त्यांनीच ती आत ठेवली, त्यात मुंबईकरांचा काय दोष, असं मी इथल्या एका सहकाऱ्याला ठणकावून सांगितलं. स्वातंत्र्यानंतरच्या काळाचा विषय त्याने काढला नाही, तेव्हा मीही काढला नाही.

दापोली, श्रीवर्धन, राजापूरकडच्या ज्या घरांत ‘आजोबा बोटीवर होते, परत आलेच नाहीत’ एवढंच माहीत आहे, त्यांनी युद्धात गेलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव टाकून पाहावं. शोध फुकट आहे. स्पेलिंग मात्र चार-पाच तऱ्हांनी करून बघा. आडनाव सापडलं नाही तर नुसत्या नावाने शोधा, आणि वडिलांचं नाव पुढेमागे झालंय का तेही बघा.