आधी चटणी, मग मालवण

मे महिन्यात कोल्हापुरातल्या कुठल्याही घरात विचारा, "सुट्टीत कुठं निघालाय?" उत्तर ठरलेलं असतं. "चटणी होऊ दे, मग बघू." वळवाचा पाऊस यायच्या आत वर्षाची कांदा-लसूण चटणी डब्यात गेलीच पाहिजे. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी चवीला. लक्ष्मीपुरीतून मिरची आणायची, देठं काढायची, गच्चीवर वाळवायची, खोबरं-तीळ-धने भाजायचे, कांदा चिरून तळायचा आणि मग कांडपाला नंबर लावायचा. एवढं झालं की घरातल्या बायका सुट्टीचा विचार करायला मोकळ्या होतात.

यंदा मालवण ठरलं होतं. सासू-सासरे, भावजी आणि जाऊबाई, आम्ही दोघं, माहेरपणाला पुण्याहून आलेल्या वन्सं, अशी मोठी माणसं सात. मुलं पाच. सगळ्यात मोठी जाऊबाईंची लेक, नऊ वर्षांची. सगळ्यात धाकटं वन्संचं बाळ, अजून पहिला वाढदिवस व्हायचा होता. वन्संचे मिस्टर परस्पर तिकडं येणार होते.

तारखा ठरवायलाही फारशी जागा नव्हती. 1 मेला शाळांचे निकाल. मालवणच्या किल्ल्यावर नेणाऱ्या होड्या मेच्या शेवटच्या आठवड्यात पावसाळ्यासाठी बंद होतात. सासऱ्यांना सिंधुदुर्ग नातवंडांबरोबर बघायचा होता, म्हणजे जे काही करायचं ते या दोन्हींच्या मध्ये. त्यातच चटणी, त्यातच लग्नसराई, त्यातच घरी येणारे पाहुणे.

या सगळ्या तयारीत एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकत होती. लहान मुलांची ट्रिप म्हणतो आपण, पण आकडा सांगताना मुलं कुणी धरतच नाही. "कितीजण?" विचारलं की आमच्या घरातूनही उत्तर जायचं, "सात आणि पोरं." त्या "आणि पोरं"मध्ये पाच जिवांची झोप, जेवण, बसायची जागा, सगळं गुंडाळून टाकलेलं. एसटीत पाच वर्षांखालचं मूल फुकट आणि 5 ते 12चं अर्धं तिकीट, ते ठीक आहे, तो पैशाचा हिशोब. पण जागेचा हिशोब तसा होत नाही. झोपलेलं तीन वर्षांचं मूल मोठ्या माणसापेक्षा जास्त जागा घेतं. ज्यानं असं मूल मांडीवर घेऊन घाट उतरलाय त्याला हे सांगावं लागत नाही.

मुक्काम ठरवायला तारकर्लीच्या बाजूच्या एका घरगुती राहण्याच्या ठिकाणी मी फोन केला. मालक अगदी मोकळेपणानं म्हणाले, "मुलांचे पैसे आम्ही घेत नाही." बरं वाटलं. मग मी विचारलं, मुलांना वेगळ्या गाद्या मिळतील का? सकाळी सहाला दूध मिळेल का? तिखट न घातलेलं वरण बाजूला काढाल का? तिन्हीला उत्तर एकच, "बघू." मी म्हटलं, दादा, मुलांचे अर्धे पैसे घ्या, पण गादी, दूध आणि वरण लिहून घ्या. ते हसले, पण त्यांनी लिहून घेतलं, आणि दिलेला शब्द शेवटपर्यंत पाळला. लोकांना वाटतं कोल्हापूरची पोरं म्हणजे जन्मतःच तिखट खात असणार. तसं नसतं. आमच्याकडंही लहान मुलं पांढऱ्या रश्श्यावरच वाढतात, तांबड्याची पाळी फार नंतर येते.

चटणीच्या दिवसात मुलांना गच्चीपासून लांब ठेवणं हेच एक काम होऊन बसलं. तरी माझा तीन वर्षांचा मुलगा एका दुपारी वर पोचलाच आणि मिरचीच्या ढिगात दोन्ही हात घालून बसला. सासूबाईंनी त्याला खाली आणलं, हात धरून ठेवले, डोळ्यांकडं जाऊ दिले नाहीत. पाण्याचा नळ सोडायला निघालेल्या जाऊबाईंना थांबवून त्यांनी आधी गोडंतेल चोळलं, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडेनं, मनगटापर्यंत. मग साबण, मग पाणी. परत तेल, परत साबण. मिरचीची आग तेलात विरघळते, नुसत्या पाण्यानं ती हातभर पसरते. तो रडत होता आणि त्या शांतपणे एकेक बोट पुसत होत्या. आयुष्यभर मिरची हाताळलेल्या बाईचे हात होते ते. मी तेव्हाच तेलाची छोटी बाटली आणि साबणाची वडी प्रवासाच्या पिशवीत टाकली, कारण डब्यांतली एक चटणी आमच्याबरोबर येणारच होती.

निघायच्या आधी अंबाबाईला जायचं होतं. मे महिन्यात बाहेरगावच्या गर्दीनं महाद्वार रोडवर पाय ठेवायला जागा नसते, आणि दुपारी देवळाच्या आवारातला दगड असा तापतो की लहान मुलांचे अनवाणी पाय पोळतात. रांगेत दोन-दोन तास तान्ही मुलं घेऊन उभ्या असलेल्या बायका बघून मला दरवेळी वाईट वाटतं. त्यांना सावली, पाणी, बसायला जागा आधी मिळायला हवी. आम्ही उजाडता उजाडता गेलो, मुखदर्शन घेतलं, ओटी भरली आणि ऊन वर यायच्या आत घरी आलो. येताना मुलांच्या सुती टोप्या घेतल्या. वन्संना मुलांसाठी कोल्हापुरी चपलाही घ्यायच्या होत्या. मी म्हटलं, त्या पुण्याला जाताना घ्या, खाऱ्या पाण्यात आणि वाळूत चामड्याचं मातेरं होतं. समुद्राला रबराच्याच बऱ्या.

आणि मग आदल्या दिवशी दुपारी गाडीवाल्यांचा फोन आला.

आम्ही महिनाभर आधी सतरा सीटची ट्रॅव्हलर ठरवून ॲडव्हान्स दिला होता. फोनवर ते म्हणाले, "वहिनी, ट्रॅव्हलर लग्नाच्या वरातीला गेली. तुम्हाला सात सीटर देतो. मोठी माणसं सातच हैत की." मी विचारलं, "आणि मुलं?" "पोरांचं काय ओ, बसतील मांडीवर."

मला इतका राग आला की काही क्षण बोलताच येईना. घाटाचा रस्ता, मे महिन्याचं ऊन, पाच मुलं, त्यातलं एक अंगावर पिणारं, आणि हा माणूस त्यांना सामान म्हणूनही मोजायला तयार नाही! सामानाला निदान कॅरिअर तरी असतो. 2019च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनं 14 वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा सुरक्षा आसन लावलं नाही तर 1000 रुपये दंड ठेवलाय. कायद्याला मूल माणूस वाटतं, गाडीवाल्याला वाटत नाही. मी हे सगळं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आवो, सगळेच नेतात." सगळेच नेतात हे खरं आहे. म्हणूनच तर राग येतो.

संध्याकाळभर घरात फोनाफोनी. सासरे म्हणाले, जाऊ या कसंबसं, एवढी तयारी झालीय. भावजी मात्र माझ्या बाजूनं ठाम उभे राहिले, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. रात्री दहाच्या सुमाराला त्यांच्या ओळखीतून कसबा बावड्यातली एक ट्रॅव्हलर मिळाली, लग्नसराईच्या चढ्या भावानं. ठरलेल्यापेक्षा चार हजार जास्त गेले. ते गेल्याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

सकाळी पाचला निघायचं ठरलेलं, साडेसातला निघालो. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग, बाळाला नाचणीचं सत्त्व. बालिंगा, कळे, साळवण, सगळं सुरळीत. गगनबावडा जवळ येऊ लागला तसं बाळ रडायला लागलं, वन्संच्या मोठ्याला उलटी झाली, ते बघून माझ्या मुलानंही केली. घाट अजून सुरूच व्हायचा होता. गगनबावड्याला गाडी थांबवली आणि रस्त्याकडेच्या एका साध्या खाणावळीत शिरलो.

आत एक वयस्क बाई. आम्हाला बघून तिनं पहिला प्रश्न विचारला, "पोरं किती हैत?"

मी म्हटलं, "पाच."

"अंगावर पिणारं?"

"एक."

"मोठ्यास्नी जरा थांबायला लागंल. पोरांचं आधी करते."

एवढे दिवस मी हाच प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून वाट बघत होते. तिनं आतल्या खोलीत आढ्याला जुन्या लुगड्याची झोळी बांधली, दोनदा ओढून गाठ तपासली आणि बाळाला वन्संच्या हातून घेऊन त्यात ठेवलं. बाहेर मुलांना रांगेत बसवून मऊ भात, हळद-मिठाचं वरण, वर तूप. प्रत्येकाच्या ताटात थोडं थोडं, संपलं की पुन्हा. "पोट गच्च भरू नका रे, घाट हाय," असं म्हणत. नऊ वर्षांच्या मोठीलाही तिनं मुलांतच धरलं. ती पोर सकाळपासून धाकट्यांना सांभाळून दमली होती, तिचा चेहरा उजळलेला मी बघितला. आम्हा मोठ्यांना चहा आणि भजी मिळाली ती सगळ्यांत शेवटी. तासभर बसलो. बाळ झोळीत गाढ झोपलं.

पैसे देताना तिनं मुलांच्या पाच ताटांचे पैसे धरून हिशोब सांगितला. ते मला फार आवडलं. माझी मुलं तिच्याकडं जेवली होती, आणि जेवणाऱ्यांत ती मोजली गेली होती.

करूळ घाट उतरताना कुणालाही त्रास झाला नाही. वैभववाडीला पोचेपर्यंत हवा दमट झाली, तळेऱ्याला हायवे लागला, कणकवली, कसाल करत दुपारी मुक्कामी.

मालवणचे दिवस छान गेले. किल्ला बघितला, सासऱ्यांनी नातवंडांना 1664 सालापासूनची हकिकत पायऱ्यांवर बसून सांगितली, मुलं रोज संध्याकाळी पाचनंतर पाण्यात आणि दुपारी झोपलेली. बाकी काही बघितलं नाही, बघायचं ठरवलंही नव्हतं. येताना फोंडा घाटानं, राधानगरीवरून आलो.

आता राहिला ॲडव्हान्स. त्या पहिल्या गाडीवाल्यांनी तो अजून परत केलेला नाही. "देतो की, पळून चाललोय काय," असं म्हणतात. मी दर सोमवारी फोन करते आणि करत राहणार आहे, कारण सतरा सीटची गाडी ठरवून ते पैसे दिले होते, आणि त्यातल्या पाच सीट मुलांच्या होत्या.