सहीविना ड्रायव्हर आणि पीएस-टूचे जुने कंट्रोलर : माझा अनुभव

पीएस-टूचे, म्हणजे प्लेस्टेशन २ चे, जुने कंट्रोलर लॅपटॉपला लावायचं दोन पोर्टांचं यूएसबी ॲडॉप्टर. सोबत छोटी सीडी, सीडीवर ड्रायव्हर, आणि ड्रायव्हरवर डिजिटल सही नाही, म्हणजे तो कोणाचा आहे आणि मध्ये कोणी बदललेला नाही हे विंडोजला पटवणारी खूण नाही. लॅपटॉपवर ६४ बिटचं विंडोज ११. दोन संध्याकाळी गेल्या. त्यातली दीड फुकट, कारण हा ड्रायव्हर लागतो कशाला तेच आधी बघितलं नव्हतं.

तो लागतो फक्त व्हायब्रेशनसाठी. बटणं आणि स्टिक विंडोजच्या स्वतःच्या एचआयडी (कीबोर्ड, माउस, कंट्रोलर अशा उपकरणांच्या) ड्रायव्हरवरच चालतात. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून इंग्रजीत ‘जॉय डॉट सीपीएल’ टाइप करा, डॉटच्या जागी टिंब. यादीत ॲडॉप्टरच्या दोन नोंदी आल्या आणि प्रॉपर्टीजमध्ये बटण दाबल्यावर आकडे पेटले, तर खेळायला एवढं पुरतं. स्टिक हलत नसेल तर कंट्रोलरवरचं ॲनालॉग बटण दाबून लाल दिवा लावा.

नोंदच आली नाही तर डिव्हाइस मॅनेजर उघडा. तिथे कोड ४३ असेल आणि डिटेल्समधल्या हार्डवेअर आयडीत व्हीआयडी (बनवणाऱ्या कंपनीचा क्रमांक) ०००० दिसत असेल, तर ड्रायव्हरच्या मागे लागू नका. विंडोजला ॲडॉप्टरची ओळखच वाचता आलेली नाही. आमच्या मालवणात याचं कारण बहुतेक वेळा खारी हवा. एक पावसाळा कपाटात काढलेल्या प्लगच्या पट्ट्यांवर हिरवट थर बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन पट्ट्या घासा, पूर्ण वाळू द्या, आणि हब मध्ये न घालता थेट पोर्टात लावा. साफ केल्यावर माझ्या ॲडॉप्टरचा आयडी नीट आला : व्हीआयडी ०८१०, पीआयडी (त्या वस्तूचा क्रमांक) ०००१.

व्हायब्रेशन हवंच असेल तर आधी सीडीवरचं फोल्डर तपासायचं. आयएनएफ (इन्स्टॉलच्या सूचना), कॅट (सही असलेली) आणि सिस (खुद्द ड्रायव्हर) अशा तीन प्रकारच्या फाइली बघा. आयएनएफ नोटपॅडमध्ये उघडून ‘मॅन्युफॅक्चरर’ विभागात ‘एनटीएएमडी६४’ हा शब्द शोधा. तो नसेल तर ड्रायव्हर ३२ बिटचा आहे आणि ६४ बिटच्या विंडोजवर तो चढणारच नाही, सही तपासणी बंद केलीत तरी. मग सिस फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज. ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा टॅब नसेल आणि सोबत कॅट फाइलही नसेल, तर खुद्द कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, जाणारा भागच सहीविना आहे. आयएनएफमध्ये स्वतः एक अक्षर जरी बदललंत तरी कॅटमधला हॅश (फाइलचा ठसा) जुळत नाही आणि चांगली सही वाया जाते. तो उद्योग करू नका.

माझी सिस फाइल ६४ बिटची होती, सही मात्र नव्हती. पुढे जाण्याआधी डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा. चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. पुढच्या पायरीत निळ्या पडद्यावर ती मागितली जाऊ शकते, आणि वीज जाऊन मोबाइलची रेंजही गेली की खात्यात लॉगिन करून ती बघता येत नाही. बॅटरी पूर्ण भरलेली असू द्या.

शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट. मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, पुन्हा रीस्टार्ट. यादी आल्यावर ७ दाबा, म्हणजे सही तपासणी बंद होते. विंडोज उघडलं की डिव्हाइस मॅनेजरमध्ये ॲडॉप्टरवर अपडेट ड्रायव्हर, ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’, ‘लेट मी पिक’, हॅव डिस्क, आणि आयएनएफ फाइल दाखवा. लाल पट्टीचा इशारा येतो; त्यातला दुसरा पर्याय, म्हणजे तरीही इन्स्टॉल करा. ड्रायव्हर बसला. दोन्ही कंट्रोलर थरथरले.

दुसऱ्या दिवशी कोड ५२, म्हणजे ड्रायव्हरची सही विंडोजला पटत नाही. ७ दाबून मिळालेली सवलत पुढच्या रीस्टार्टपर्यंतच असते. ‘एकदा बसला की बसला’ हे कर्नल ड्रायव्हरला लागू नाही, लोड होताना दर वेळी सही तपासली जाते.

यावर सगळे टेस्ट मोड (चाचणीच्या सहीचे ड्रायव्हर चालू देणारी विंडोजची अवस्था) सुचवतात. त्यासाठी बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करावं लागतं, नाहीतर तो चालू करणारी बीसीडीएडिटची आज्ञाच नाकारली जाते. तेवढं करूनही सही अजिबात नसलेला ड्रायव्हर टेस्ट मोडमध्ये चालत नाही. निदान स्वतः बनवलेल्या सर्टिफिकेटची चाचणी-सही तरी त्यावर असावी लागते. शिवाय ऑनलाइन खेळांतले अनेक अँटी-चीट (फसवेगिरी पकडणारे प्रोग्राम) टेस्ट मोड दिसला की खेळ उघडूच देत नाहीत. ज्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार होतात तिथे व्हायब्रेशनसाठी कुलूप कायमचं काढून ठेवणं मला मुळीच पटलं नाही.

म्हणून परत फिरलो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अनइन्स्टॉल डिव्हाइस, ड्रायव्हर काढून टाकायच्या चौकोनात टिक, मग ॲक्शन मेनूतून ‘स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस’. विंडोजचा एचआयडी ड्रायव्हर आपोआप परत आला. टिक विसरलात तर तोच सहीविना ड्रायव्हर पुन्हा बसतो आणि कोड ५२ कायम राहतो.

एक अडचण उरली : नवे बरेच खेळ फक्त एक्सइनपुटचा (एक्सबॉक्सच्या पद्धतीचा) कंट्रोलर ओळखतात, हे ॲडॉप्टर डायरेक्टइनपुटचं (त्याआधीच्या जुन्या पद्धतीचं). स्टीममध्ये खेळाच्या प्रॉपर्टीजमधून कंट्रोलर विभागात स्टीम इनपुट चालू केलं, एकेका कंट्रोलरची बटणं जुळवून दिली, आणि खेळाला दोन्ही एक्सबॉक्सचे वाटू लागले. गणपतीला आलेल्या भाचरांना व्हायब्रेशन नाही हे कळलंसुद्धा नाही.