सुशी बेक: चिकन झालं, भात अडला

सुशी बेकच्या, म्हणजे ट्रेमध्ये थर लावून भाजलेल्या सुशीच्या, कुठल्याही व्हिडिओत भाताच्या वाट्याला किती वेळ येतो बघा. चिकन कसं पिंजायचं, मेयोनीज किती घालायचं, वर सॉसच्या रेघोट्या कशा मारायच्या, सगळं साग्रसंगीत. आणि भात? "शिजवलेला सुशी राईस घ्या." घ्या! कुठून घ्या? अर्धा ट्रे भाताचा, आणि नेमकं तिथेच आमचं घोडं पेंड खात होतं.

एरवी हा पदार्थ आळशी माणसाचाच. रोल वळायचे नाहीत, कापायचे नाहीत. खाली भात, वर सारण, ओव्हनमध्ये भाजायचं आणि चमच्याने नोरीच्या (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पातळ कागदाच्या) तुकड्यावर घेऊन खायचं. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये फिलिपिन्समध्ये लोकांनी घरोघरी असे ट्रे करून विकले आणि तिथे त्याचं वेड लागलं. सारणात बहुधा क्रॅब स्टिक (खेकड्याच्या चवीच्या, माशाच्या कांड्या) असतात. आमच्याकडे त्या कुणी खात नाही, म्हणून चिकन.

जपानी तांदळाचा भाव बघून मी इंद्रायणीवर आले. बासमती-कोलम इथे कामाचे नाहीत, मोकळा भात नोरीवर टिकतच नाही. दुकानात गेले तर, "ताई, जुना देतो, मस्त सुटसुटीत होईल." म्हटलं, नवा द्या. "नवा गिचका होतो हो!" ज्या गुणासाठी मी आले होते, त्याच गुणापासून मला वाचवायचा तो जीव तोडून प्रयत्न करत होता.

पुढचा घोळ मापाचा. जपानी तांदळाचा कप 180 मिलीचा, अमेरिकन कप साधारण 240 चा. रेसिपी लिहिणारे नुसतं "दोन कप" लिहून मोकळे होतात. पाणी एका कपाने आणि तांदूळ दुसऱ्याने मोजला की खीर तरी होते, नाहीतर कण्या. सरळ वजनकाटा काढा. 300 ग्रॅम तांदूळ, पाणी जवळजवळ नितळ होईपर्यंत धुवायचा, अर्धा तास भिजवायचा आणि पूर्ण निथळायचा. मग 350 मिली पाणी. जपानी तांदूळ असेल तर 370.

"कुकर लाव की, तीन शिट्ट्यांत होईल," असं आईंचं म्हणणं. (आई म्हणजे सासूबाई.) पण कुकरमध्ये नवी इंद्रायणी फार लवकर गळते. इथे दाणा दाण्याला चिकटायला हवा, पण दिसायला अख्खा हवा. जाड बुडाच्या पातेल्यात उकळी आणून, घट्ट झाकण ठेवून अगदी मंद आचेवर बारा मिनिटं, मग गॅस बंद करून आणखी दहा. मध्ये झाकण उचलायचं नाही. बघायची कितीही खुमखुमी आली तरी नाही.

भात गरम असतानाच परातीत काढायचा. तीन मोठे चमचे राईस व्हिनेगर, दीड मोठा चमचा साखर आणि पाऊण छोटा चमचा मीठ किंचित गरम करून विरघळवायचं आणि भातावर शिंपडायचं. कालवायचं नाही, लाकडी उलथन्याने कापल्यासारखं उलटंपालटं करायचं आणि सोबत वारा घालायचा. मी वर्तमानपत्राने वारा घालत होते तेव्हा आई दारात उभ्या. "अगं, भाताला उकडतंय का?" हसू द्या. वाऱ्याने वरचं पाणी उडतं आणि दाण्याला चकाकी येते. साधं पांढरं व्हिनेगर उग्र असतं, ते वापरलंत तर अडीच चमच्यांवर थांबा. गार करायला भात फ्रिजमध्ये ठेवू नका, कडक होतो. वर ओलं फडकं पुरे.

चिकनचं काय सांगायचं! 400 ग्रॅम बोनलेस थाय (मांडीचं मांस) शिजवून पिंजलं, त्यात मेयोनीज, श्रीराचा (तिखट मिरची सॉस), थोडा सोया सॉस आणि कांद्याची पात. सोयाला मीठ असतंच, वेगळं घालू नका. मेयोनीज अंड्याचंच घ्या. बिनअंड्याची बरीचशी गोडसर असतात, आणि मी घेतलेल्याने ओव्हनमध्ये चक्क तेल सोडलं.

सगळं आधीच शिजलेलं असतं, त्यामुळे 200 अंशांवर पंधरा-वीस मिनिटं, वरचा थर तांबूस होईपर्यंत. हो, भात आणि सारण यांच्यामध्ये फुरिकाके (भातावर भुरभुरायचा तीळ-नोरीचा जपानी चुरा) पेरतात. नसेल तर भाजलेले तीळ, चुरलेली नोरी, चिमूट मीठ, चिमूट साखर. काम भागतं.

नोरीचं पाकीट मात्र ट्रे टेबलावर आल्यावरच फोडा. पावसाळ्यात ती बघता बघता सादळते. सादळलीच तर चिमट्यात धरून पापडासारखी गॅसवरून दोन-तीन सेकंद फिरवा, परत कुरकुरीत होते. उरलेला ट्रे रात्रभर ओट्यावर ठेवू नका, शिजलेला भात बाहेर ठेवणं धोक्याचं. निवला की फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी झाकून चांगला वाफ येईपर्यंत गरम करा.