अठ्ठावीस दिवसांचा अहवाल

माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर नाण्याएवढा चट्टा दिसला, तेव्हा घरातील सर्वांनी ती चाई, म्हणजे चकत्यांनी केस गळण्याचा विकार, असल्याचा निर्वाळा दिला. चाईत त्वचा गुळगुळीत राहते. येथे मात्र पांढुरक्या खपल्या होत्या आणि केस त्वचेच्या थोडे वर तुटलेले होते. त्वचारोगतज्ज्ञांनी डोक्यातील नायट्याचा, म्हणजे बुरशीच्या संसर्गाचा, संशय व्यक्त करून केसांचा व खपल्यांचा नमुना तपासायला सांगितला, आणि तेथेच आम्ही अडकलो.

प्रयोगशाळेच्या अर्जावर वय, पत्ता, दूरध्वनी क्रमांक या सर्वांसाठी रकाने होते. आधी कोणते मलम लावले होते काय, हा रकाना मात्र नव्हता. मी पंधरा दिवस बुरशीनाशक मलम लावत होते. ते मला कोणी विचारले नाही आणि सांगावे असे मलाही सुचले नाही. नमुना दिला त्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली काहीच दिसले नाही. संवर्धनात, म्हणजे नमुन्यातील बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याच्या चाचणीत, ही बुरशी सावकाश वाढते व अहवालास चार आठवडेही लागतात, हे मला मान्य आहे. परंतु दर तीन दिवसांनी फोन करून ‘अजून आला नाही’ एवढेच ऐकल्यावर अठ्ठाविसाव्या दिवशी ‘वाढ आढळली नाही’ असे तीन शब्द हाती पडले, तेव्हा माझा संताप अनावर झाला, कारण तोवर चट्टा दुप्पट झाला होता. मलमामुळे नमुन्यात बुरशी सापडत नाही, मात्र केसाच्या आत शिरलेली बुरशी त्याने मरत नाही, हे डॉक्टरांनी तेव्हा सांगितले.

मलम दोन आठवडे बंद ठेवून दुसरा नमुना दिला आणि अर्जाच्या समासात मी स्वतःच तशी नोंद केली. त्याच दुपारी बुरशीचे तंतू दिसले आणि ग्रिसिओफल्विन हे पोटात घ्यायचे बुरशीनाशक औषध सुरू झाले. (हे औषध स्निग्ध पदार्थांसोबत घेतल्यास अधिक शोषले जाते; मला ते आठवडाभराने कळले.) कंगवा, टोपी व टॉवेल वेगळे करावेत, हेही येथेच सांगून ठेवते.

संवर्धनाचा अहवाल तीन आठवड्यांनी आला: मायक्रोस्पोरम केनिस, म्हणजे बहुधा मांजर किंवा कुत्र्याकडून आलेली बुरशी. मुलगी रोज जे पिल्लू मांडीवर घेत असे, त्याच्या अंगावर एकही चट्टा दिसत नव्हता. तरीही त्याला पशुवैद्यांकडे नेले. तेथील अर्जावर ‘आधीचे उपचार’ असा रकाना होता.