कॅम्प संपल्यानंतरचे फोन

खूप दिवसांनी लिहितेय. गेले काही महिने आमच्या सेवा क्लबचं एकामागून एक काम चालू होतं, रक्तदान झालं, डोळे तपासणी झाली, झाडं लावली, आणि अजूनही रोज संध्याकाळी मी वही घेऊन फोन करत बसते, म्हटलं एकदा सगळं लिहून काढूया.

आधी चष्म्यांबद्दल, कारण मनात तेच घोळतंय. चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसायला लागतं, डोळ्यातलं भिंग कडक होत जातं आणि जवळ बघताना त्याला हवा तसा आकार घेता येत नाही. हा आजार नाही, वयाचा भाग आहे, साधा वाचायचा चष्मा लावला की काम भागतं. पण तो साधा चष्मा नाही म्हणून किती जण शिवणकाम, निवडणं-टिपणं, हिशेब सगळं सोडून देतात हे मला शिबिरात बसल्यावरच कळलं.

एक आजी आल्या होत्या. जवळचा तक्ता समोर धरला तर म्हणाल्या, "मला वाचता कुठे येतंय बाळा." आता नंबर ठरवायचा कसा? आमच्यातल्या एकीने पर्समधून सुई-दोरा काढून त्यांच्या हातात दिला. पहिल्या चष्म्याने जमेना, दोऱ्याचं टोक सारखं सुईच्या बाजूने जायचं. मग थोडा जास्त नंबर लावला, आजींनी टोक ओठांत ओलं केलं, पिळलं आणि एका झटक्यात ओवलं. मग दोरा बाहेर काढला आणि परत ओवला. मग तिसऱ्यांदा. मागे रांग खोळंबली होती पण कोणी एक शब्द बोललं नाही, सगळे त्यांच्या हातांकडेच बघत होते. तेव्हापासून आमच्या तपासणीच्या टेबलावर सुई-दोरा कायमचा असतो.

ज्यांना मोतीबिंदू निघाला त्यांची ऑपरेशनं ठरवून दिली, आणि माझी वही तिथून सुरू झाली. ऑपरेशन होऊन माणूस घरी आला की सगळ्यांना वाटतं झालं काम, पण पुढे कित्येक आठवडे वेळापत्रकाप्रमाणे थेंब टाकायचे असतात, डोळा चोळायचा नसतो, आणि अचानक दुखायला लागलं, लाल झाला किंवा नजर कमी वाटली तर त्याच दिवशी दाखवायचं असतं. एका काकांनी आठवड्यातच थेंब बंद केले होते. का, तर "आता स्वच्छ दिसतंय की, कशाला उगाच." फोन केला म्हणून कळलं! त्यांच्या सुनेला दिवसातून किती वेळा टाकायचे ते सांगून कागदावर लिहून घ्यायला लावलं, मग मला बरं वाटलं.

मला मनापासून वाटतं की क्लबचं काम म्हणजे हे फोन. शिबिराच्या दिवशी हात भरपूर असतात, नंतर कोण असतं त्यावर सगळं आहे. हे आम्ही चुकीतून शिकलोय. मागच्या खेपेला आम्ही एका दिवसात भरपूर रोपं लावली, फोटो झाले, आणि पाण्याचं कोणाकडेच ठरलेलं नव्हतं. कडक उन्हात जाऊन बघितलं तर नुसत्या काटक्या उभ्या होत्या. खूप वाईट वाटलं. यंदा मोजकीच लावली, प्रत्येक रोपाला जाळी आणि प्रत्येक रोपाचं पाणी एका घराकडे. परवा चक्कर मारली, बहुतेकांना नवी पालवी आलीये.

रक्तदानाचंही तसंच. आधी आम्ही वर्षातून एकच मोठं शिबिर घ्यायचो. मग रक्तपेढीतल्या ताईंनी समजावलं की लाल पेशी थंडीत ठेवून साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, पण प्लेटलेट्स खोलीच्या तापमानाला सतत हलवत ठेवून जेमतेम ५ ते ७ दिवस, त्यामुळे एकदम ढीगभर पिशव्या आल्या तरी पुढच्या महिन्यातल्या पेशंटला त्या प्लेटलेट्स मिळणार नाहीत. आता वर्षभर अंतर ठेवून छोटी छोटी शिबिरं घेतो. आकडा लहान दिसतो, चालेल.

मोठ्या क्लबांचा इतिहास वाचला तरी हेच दिसतं. रोटरीने १९७९ मध्ये फिलिपिन्समध्ये मुलांना पोलिओचे डोस द्यायला सुरुवात केली, १९८५ मध्ये त्याची जगभरची मोहीम केली आणि अजून सोडलेली नाही. १९८८ मध्ये सव्वाशेवर देशांत असलेला मूळचा पोलिओ विषाणू आता अफगाणिस्तान आणि पाकिस्तान या दोनच देशांत ठाण मांडून आहे. त्यामागे एकाच मुलाला परत परत डोस द्यायला गेलेली माणसं आहेत. आणि पांढरी काठी! १९३० मध्ये अमेरिकेतल्या पिओरियाच्या लायन्स क्लबच्या अध्यक्षांना दिसलं की एका अंध माणसाची काळी काठी गाडीवाल्यांना दिसतच नाहीये, म्हणून काठीला पांढरा रंग आणि लाल पट्टा द्यायचं ठरलं. रस्त्यावरच्या एका माणसाकडे नीट बघितलं म्हणून. मला आमचा सुई-दोराच आठवला.

वहीत अजून बरेच नंबर बाकी आहेत, काहींचे फोन लागतच नाहीत, त्यांच्याकडे रविवारी दोघी-दोघींनी जायचं ठरलंय. आजींच्या घरीही जाणार आहे, चष्म्याची काडी सैल झालीये म्हणून त्यांनी स्वतःहून निरोप पाठवलाय, रोज वापरतायत म्हणजे!