अकराव्या आठवड्यातल्या कळ्या

गणेश चतुर्थी, रात्र.

पेनाला कापडाची पट्टी गुंडाळून जाड केलंय, तेव्हा कुठे धरता येतंय. ऑपरेशनला अकरा आठवडे झाले.

मृगाच्या पावसात आगरातल्या चिऱ्याच्या पायरीवर शेवाळ धरलं होतं. हातात झावळी होती, ती सोडवेना, आणि उजवा अंगठा बाहेरच्या बाजूला मुडपत मी पडले. एक्स-रेत हाड शाबूत दिसलं, म्हणून पहिल्या डॉक्टरांनी मुरगळलाय म्हणून क्रेप बँडेज बांधून दिलं. दहा दिवस त्यावरच काढले. कुलपात किल्ली फिरेना, गॅसचं बटण फिरेना. तेव्हाच दुसऱ्या कुणाला दाखवायला हवं होतं, ही हळहळ अजून जात नाही.

चिपळूणच्या सर्जननी अंगठा हळूच बाहेर ढकलून पाहिला, तर तो नुसता कलंडला. अंगठ्याच्या मुळाशी, तर्जनीकडच्या बाजूला जो लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा चिवट पट्टा असतो, तो हाडापासून पूर्ण सुटला होता. शिवाय त्याचं तुटलेलं टोक स्नायूच्या पातळ पडद्यावर जाऊन बसलेलं. मध्ये पडदा, पलीकडे हाड. नुसत्या प्लास्टरने ते जुळणार कसं? याला स्टेनर लिजन म्हणतात. स्टेनर या स्वीडिश सर्जनने १९६२ साली हे मांडलं, असं घरी येऊन वाचलं. मग हाडात बारीकसा अँकर, म्हणजे दोरा अडकवायची खुंटी, बसवून त्याच्या दोऱ्याने लिगामेंट परत जागेवर शिवला.

प्लास्टरचे दिवस कसेबसे गेले. खरं अवघड झालं ते प्लास्टर निघाल्यावर. अंगठा लाकडासारखा ताठ, मागची कातडी बधिर. करंगळीच्या टोकाला अंगठा टेकवायला अठरा दिवस लागले. टेकला त्या दिवशी मी ओटीवर एकटीच बसून रडले. दंडात जोर असून काय उपयोग, चिमूट धरता येत नसेल तर बाईचा अर्धा दिवस अडतो. साडीची पिन, लसणीची पाकळी, कढीपत्त्याचं पान, कुंकू, सगळं चिमटीतलंच.

फिजिओथेरपीवाल्या ताईंना मागच्या आठवड्यात विचारलं, मोदकाच्या कळ्या काढू का? त्यांनी हाताच्या व्यायामाची मऊ पुट्टी दाबून घेतली, म्हणाल्या, उकड एवढीच मऊ असेल तर काढा. नारळ फोडणं, कपडे पिळणं अजून नाही.

सकाळी सासूबाई म्हणाल्या, "अगो, यंदा मी करत्ये सगळे. तू नुसती बस." पण पारी त्यांनीच करून माझ्या तळहातावर ठेवली. ऊन ऊन उकड, तूप-पाण्याचा हात, आत चव, म्हणजे गूळ-खोबऱ्याचं सारण. पहिली कळी धरली आणि अंगठ्याच्या मुळाशी ओढ बसली. दुखलं नाही, ओढच ती. दुसरी फाटली. पाण्याचं बोट लावून सांधली. पाच कळ्यांचा बुटका मोदक झाला. एरवी माझ्या मोदकाला एकोणीस-वीस कळ्या असतात. सासूबाईंनी काही न बोलता तो हळदीच्या पानावर मधोमध ठेवला.

सात केले. सातव्याला अकरा कळ्या आल्या.

संध्याकाळी अंगठा जरा सुजला, आता अंगठ्याला आधार देणारं स्प्लिंट चढवून हात उशीवर ठेवीन. उद्या ऋषिपंचमी. अळूची देठं सोलायची आहेत, ती सासूबाईंनी माझ्यासाठी बाजूला काढून ठेवली आहेत.